टिनकपच्या घळीतला बूट

कालवडीनं डांबरी सडक सोडली, ती खडीच्या रस्त्याला लागली आणि आतल्या कपाटांची दारं धडाधड उघडू लागली. प्लास्टिकचे पेले उड्या मारत खाली आले, कॉफीचा डबा गडगडत पार मागच्या पलंगापर्यंत गेला. ट्वायला एका हातानं टेबलाची कड आणि दुसऱ्या हातानं अंड्यांचा ट्रे धरून, पाय फाकवून मधोमध उभी होती. खरं तर तिला भीती वाटायला हवी होती. पण तिला हसू येत होतं आणि ते काही केल्या आवरत नव्हतं.

“मागे कोण मेलं?” मार्लिसनं मान न वळवता स्टिअरिंगवरून विचारलं.

“अजून कुणी नाही. तू चालव.”

कालवड म्हणजे त्या तिघींचं मोटरहोम. मार्लिसनं ते जुनंच घेतलं होतं. पांढऱ्या अंगावर तपकिरी पट्टे, चढ लागला की हंबरल्यासारखा आवाज. नेब्रास्कातल्या त्यांच्या गावात नाव पडायला एवढं पुरे होतं. तिघींची अख्खी नोकरी गावच्या एकाच शाळेत झाली. मार्लिस शाळेची बस चालवायची. बर्नडीन शाळेची नर्स होती. ट्वायला स्वयंपाकघरात, मोठमोठ्या पातेल्यांत बटाटे घोटून घोटून तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली आला होता. तिघी एकाच उन्हाळ्यात निवृत्त झाल्या आणि एप्रिल उजाडला तसं मार्लिसनं जाहीर केलं की आपण युटाच्या वाळवंटात जायचं. तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मार्लिस अशीच. रुंद खांदे, करडे आखूड केस, आणि आवाज असा की बसच्या शेवटच्या बाकावरचं पोरही गपकन खाली बसायचं.

गेला आठवडाभर त्या या लाल मुलखात फिरत होत्या, पण सगळं वरून. गाडी लावायची, कठड्यापाशी जायचं, खाली बघायचं, फोटो काढायचा, पुन्हा गाडीत. मार्लिसला तेवढं पुरत होतं. बर्नडीनला तर कठड्यापर्यंत जाणंही जास्त वाटायचं. पण ट्वायलाचं लक्ष दर वेळी खालून चढून येणाऱ्या माणसांकडे जायचं. त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले असायचे, ओठ फुटलेले असायचे आणि चेहऱ्यावर असा आनंद असायचा की त्यांना थांबवून विचारावंसं वाटावं. तिचा सगळा जन्म सपाट मुलखात गेला होता. चहूकडे मका आणि आभाळ. जमिनीच्या पोटात शिरून चालता येतं ही कल्पनाच तिला नवी होती, आणि ती एकदा डोक्यात शिरल्यावर बाहेर निघेना.

मुक्कामाच्या तळावर भेटलेल्या एका जोडप्यानं तिला टिनकपच्या घळीचं नाव सांगितलं. तिथं गर्दी नसते, दोर लागत नाही, फक्त अंग चोरून चालावं लागतं. त्या दिवशी जेवताना, बटाटे वाढता वाढता ट्वायलानं सांगून टाकलं की उद्या आपण टिनकपला जातोय. मार्लिसचा काटा तोंडाशीच थांबला. इतक्या वर्षांत ट्वायलानं असं कधी काही सांगितलेलं नव्हतं. मार्लिसनं बर्नडीनकडे पाहिलं, बर्नडीननं मार्लिसकडे. मग सकाळी बर्नडीननं वनखात्याच्या चौकीवर जाऊन हवामानाची दोनदोनदा चौकशी केली. ज्याच्या पाण्यानं घळीत लोंढा यावा असा पाऊस वरच्या अंगाला कुठंही नाही, पुढेही येणार नाही, असं त्यांनी सांगितल्यावरच तिनं बुटांच्या नाड्या आवळल्या. मार्लिसनं एक अट घातली. दुपारी सूर्य डोक्यावर आला की जिथं असू तिथून मागं फिरायचं. ट्वायलानं लगेच मान डोलावली. त्या घडीला ती कशालाही हो म्हणाली असती.

घळीच्या तोंडाशी रस्ताच संपत होता. मार्लिसनं कालवड एका सपाट कातळावर लावली आणि चाकांना दगड लावले. तिघींनी पाठीवर पिशव्या घेतल्या. त्यांत पाणी, हॅम आणि चीज घातलेले सँडविच, बसायला फोमच्या पट्ट्या आणि बर्नडीनचा औषधांचा डबा होता. हातात एकेक काठी घेऊन त्या निघाल्या.

सुरुवातीला नुसता कोरडा ओढा होता. काठानं कॉटनवुडची झाडं होती. पानं इतकी कोवळी की ऊन त्यांच्यातून आरपार जात होतं. बाजूचे कातळ आधी खांद्याएवढे होते, मग घराएवढे झाले, मग मान मागे टाकल्याशिवाय त्यांचा शेवट दिसेना. आणि एका वळणावर ते दोन्हीकडून एकदम पुढे सरकले. ट्वायलानं हात पसरले तर दोन्ही तळवे दगडाला टेकले.

दगड गार होता आणि हाताला कापडासारखा मऊ लागत होता. पाण्यानं घासून घासून त्याच्यावर कुठं लाटा काढल्या होत्या, कुठं वाट्या कोरल्या होत्या. वर आभाळाची एक निळी चिंधी तेवढी उरली होती. ऊन खाली पोचत नव्हतं. ते वरच्या भिंतीवर पडायचं, तिथून समोरच्या भिंतीवर, तिथून पुन्हा अलीकडे, आणि असं उतरत उतरत तळाशी येईपर्यंत त्याचा रंग जर्दाळूच्या मुरंब्यासारखा होऊन जायचा. ट्वायलाचे हातही त्या रंगाचे झाले होते. तिनं ते उलटसुलट करून पाहिले. मग तिचे पाय आपोआप भराभर पडायला लागले.

पुढे ट्वायला, मधे बर्नडीन, शेवटी मार्लिस, असा क्रम पडला तो पडलाच. एका ठिकाणी भिंती इतक्या जवळ आल्या की पिशव्या काढून डोक्यावर धरायच्या आणि आडवं होऊन सरकायचं, याशिवाय उपाय नव्हता. ट्वायला खारीसारखी निघून गेली. बर्नडीन डोळे मिटून, ओठांत काहीतरी पुटपुटत पार झाली. मार्लिस मधेच अडकली. थोडा वेळ नुसता कापड घासल्याचा आवाज येत राहिला.

“श्वास सोड,” बर्नडीन पलीकडून म्हणाली.

“सोडलाय. हे जे राहिलंय ना, तो श्वास नाही, सकाळचे पॅनकेक आहेत.”

ट्वायलाला हसता हसता खाली बसावं लागलं. मार्लिस निघाली, पण शर्टाची दोन बटणं तिथंच ठेवून.

त्यापुढे वाटेत एक मोठा धोंडा भिंतींच्या मधे पाचरीसारखा बसला होता. पुरुषाच्या उंचीहून थोडा अधिक. ट्वायला मार्लिसच्या जोडलेल्या हातांवर पाय देऊन वर चढली, धोंड्यावर पालथी पडली आणि तिनं खाली हात सोडले. मग मार्लिसची पाळी. ट्वायला वरून ओढत होती आणि बर्नडीननं खालून खांदा लावला होता.

“बर्नडीन, तुझा हात कुठाय ते मला कळतंय बरं का,” मार्लिस धापा टाकत म्हणाली.

“मी नर्स आहे. याहून वाईट ठिकाणी हात लावून झालेत माझे. चढ मुकाट्यानं.”

अशी वाट चालली होती. एकदा वर पाहिलं तर त्यांच्या डोक्यावर, खूप उंच, झाडाचं अख्खं खोड दोन भिंतींत आडवं अडकलेलं दिसलं. पुराच्या पाण्यानं ते तिथं नेऊन ठेवलं होतं. बर्नडीननं त्याखालून जाताना आभाळाकडे दोनदा बघून घेतलं. आभाळ स्वच्छ निळं होतं.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा घळीच्या तळाशी उन्हाची एक सरळ रेघ पडली. मार्लिस तिच्यावर काठी आपटून म्हणाली, झालं, इथून मागं. ट्वायलानं पुढं पाहिलं. पुढं वळण होतं. भिंत डावीकडे वळत होती आणि वळणापलीकडून अंधुक नारिंगी उजेड येत होता.

“एवढं एक वळण,” ती म्हणाली.

ते वळण झालं. त्याच्यापुढे दुसरं होतं, उजवीकडचं. तिथून गार वारा येत होता. ट्वायला न विचारता त्या वळणावरही गेली. मग तिसरं. घळच तशी होती. कुठंही उभं राहिलं तरी पुढचं थोडंसं दाखवायची आणि बाकीचं झाकून ठेवायची. मागून मार्लिसची कुरकुर ऐकू येत होती. गुडघ्यांना काय वाटेल, कालवडीपर्यंत परत कोण नेणार, शब्दाला काही किंमत आहे की नाही. ट्वायलाला ते ऐकू येत होतं आणि येतही नव्हतं. तिच्या छातीत शाळा सुटायच्या घंटेसारखं काहीतरी वाजत होतं. थांबले तर ते बंद पडेल असं तिला वाटत होतं.

चौथ्या वळणावर पाणी लागलं. बोटभर जाडीचा झरा, पण बर्फासारखा गार, वाळूवरून पसरत आलेला. पुढे गेल्यावर तो घोट्यापर्यंत झाला आणि एका कोपऱ्यात त्याचं डबकं साचलं होतं. डबक्याच्या एका अंगाला भिंतीलगत पाण्याखाली कातळाची पायरी होती. दुसऱ्या अंगाला ओली, गुळगुळीत, चकाकती वाळू. ट्वायला वाळूवरून धावतच गेली. पायाखाली ती वाळू पुडिंगसारखी थरथरली. तिला गंमत वाटली. पलीकडे पोचून तिनं वळून सांगितलं की अगं, ही जमीन हलते. बर्नडीन भिंतीला धरून कातळावरून आली. मार्लिस मात्र ट्वायलाच्या पावलांवर पाऊल टाकत निघाली. तीन पावलं टाकली आणि चौथ्याला तिचा डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

आधी तिघीही हसल्या. मार्लिसनं पाय उचलायला जोर लावला. पाय आला नाही. जोर लावला तसा मांडीपर्यंत खाली गेला. उजवा पाय तिनं बाजूला टाकला तो नशिबानं घट्ट जागी पडला, आणि ती अशी अर्धवट बसलेल्या उंटासारखी अडकून राहिली.

“ओढा,” ती म्हणाली. आता ती हसत नव्हती.

ट्वायला आणि बर्नडीननं तिच्या काखेत हात घालून ओढलं. मार्लिस ओरडली, गुडघा निखळतोय म्हणून. ओढणाऱ्या दोघींचे पायही घोट्यापर्यंत रुतले. त्यांनी घाईघाईनं फोमच्या पट्ट्या आणि पिशव्या वाळूवर अंथरल्या आणि त्यांच्यावर गुडघे टेकले. हातांनी वाळू उपसून पाहिली. एक ओंजळ काढावी तर दोन ओंजळी आत घसरून येत होत्या. पाय आत कुठंतरी सिमेंटमध्ये घातल्यासारखा पक्का बसला होता. मार्लिसला बोटं हलवता येत होती, पण घोटा नाही.

बर्नडीननं तिला मागे, पिशवीवर टेकून बसायला लावलं, म्हणजे भार एका जागी येणार नाही. आपलं जाकीट काढून तिच्या खांद्यांवर टाकलं. मनगट धरून नाडी पाहिली. मग ती ट्वायलाजवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, की वाळू काही तिला गिळत नाही, ती आता आहे तिथंच राहील. भीती पाण्याची आहे. एवढ्या गार पाण्यात ती किती वेळ काढेल ते सांगता येत नाही. फोनला इथं रेंज नाही. मी परत जाते, सडकेवर कुणाला तरी गाठते.

ट्वायलानं मार्लिसकडे पाहिलं. तिचे ओठ जांभळट व्हायला लागले होते. बर्नडीनला परत जायचं म्हणजे तो धोंडा एकटीनं उतरायचा, त्या अरुंद चिरेतून जायचं, मग पुढे खडीचा सगळा रस्ता. मदत येईपर्यंत अंधार पडला असता. ट्वायलाच्या छातीत मघापासून वाजणारी घंटा गप्पकन थांबली.

“मार्लिस,” ती म्हणाली, “मीच पुढं पुढं ओढत आणलं तुला. तू दुपारीच म्हणाली होतीस.”

“हो, म्हणाले होते.”

“मग फिरायला हवं होतं.”

मार्लिसचे दात वाजत होते, ते तिनं आवळून धरले.

“ऐक,” ती म्हणाली. “जन्मभर मी पुढच्या सीटवर बसले. मागे सगळं गाव. कुठं वळायचं, कुठं थांबायचं, कुणाला उतरवायचं, सगळं मी. आज सकाळपासून मी मागे आहे. कुठं चाललोय ते मला माहीत नाही आणि माझ्यावर कसलीही जबाबदारी नाही. तुला काय वाटलं, मी कुरकुर करत होते ती रागानं? मला मजा येत होती गं. कुरकुर केल्याशिवाय मला मजा घेता येत नाही, एवढंच.”

ट्वायलानं मार्लिसचा हात धरला. तो हात दगडासारखा गार होता.

“बर्नडीनला जाऊ दे,” मार्लिस आवाज खाली आणून म्हणाली. “तू इथं थांब.”

बर्नडीननं पिशवीतलं पाणी वाटून घेतलं. ट्वायला तिला कातळापर्यंत सोडायला उठली, उठताना तोल गेला आणि सावरण्यासाठी तिनं काठी जिथं पडेल तिथं रोवली. ती मार्लिसच्या मांडीला घासून सरळ खाली गेली, जवळजवळ मुठीपर्यंत. ट्वायलानं ती उपटायला म्हणून गोल फिरवली.

“पुन्हा कर,” मार्लिस म्हणाली.

“काय?”

“आत्ता जे केलंस ते. काहीतरी सैल झालं.”

ट्वायलानं काठी पुन्हा फिरवली. काठीच्या कडेनं पाणी गुळगुळ आवाज करत खाली उतरलं. आणि मार्लिसच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. घोटा, ती म्हणाली, घोटा हलला. बर्नडीन तिथूनच माघारी आली, फोमच्या पट्टीवर पालथी पडली आणि आपली काठी दुसऱ्या बाजूनं घातली. दोघी दोन्हीकडून ढवळायला लागल्या. वाळूत पाणी शिरलं की ती लापशीसारखी पातळ व्हायची. हात थांबला की पुन्हा घट्ट. म्हणून थांबायचं नाही.

“जन्मभर पातेली ढवळलीस,” मार्लिस म्हणाली, “आता तुझं कसब दाखव बाई.”

“तू कमी बोल आणि पाय वर घे. हळू. बोटभर. ओढू नकोस, नुसता हलव.”

ट्वायलाच्या आवाजात कधी नव्हता तो दरारा आला होता. मार्लिसनं निमूटपणे ऐकलं. पाय बोटभर वर आला. मग आणखी बोटभर. ट्वायलाचा उजवा खांदा जळत होता, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, गुडघ्याखालचं सगळं अंग गार पडलं होतं, आणि तरी ती घंटा पुन्हा वाजायला लागली होती, मघापेक्षा जोरात. मांडी मोकळी झाली. गुडघा दिसला. तिघी एकदम ओरडल्या आणि तो आवाज भिंतींवर आपटत कुठल्या कुठं गेला.

आणि तिथंच पुन्हा सगळं अडलं. नडगीपाशी. कितीही ढवळलं तरी पाऊल येईना. बूट आत अडकला होता. त्याच्या तळव्याखाली वाळूनं जणू मूठ आवळली होती.

“नाडी सोडायला पाहिजे,” बर्नडीन म्हणाली. तिनं हात घालून पाहिला, पण तिचा दंड जाड, तो मार्लिसच्या नडगीशेजारी मावेना.

ट्वायलानं बाही वर केली. पालथी पडली, गाल मार्लिसच्या मांडीला टेकला आणि हात खाली सोडला. कोपर गेलं, दंड गेला, खांद्यापर्यंत गेला. पाणी तिच्या कानात शिरलं. बर्नडीन बाजूनं ढवळतच होती, म्हणून बोटांना जरा वाट मिळत होती. पँटची दुमड लागली. मोजा लागला. मग चामडं. मग गाठ.

मार्लिसनं दुहेरी गाठ मारली होती.

“दुहेरी का मारतेस गं,” ट्वायला दात आवळून म्हणाली.

“सुटू नये म्हणून.”

डोळ्यांनी काही दिसत नव्हतं. बोटांच्या टोकांना जे कळत होतं तेवढ्यावर काम. नखानं तिनं गाठीचा एक पदर उचकटला. तो निसटला. पुन्हा उचकटला. बोटं बधिर होत चालली होती; कुठलं बोट कुठं आहे ते कळेना. तिनं श्वास धरला, पदर चिमटीत धरून हिसडला, आणि गाठ सुटली. दुसरी आपोआप ढिली झाली. तिनं बुटाची जीभ पुढं ओढली आणि ओरडली, आता.

मार्लिसनं अंग मागे झोकलं. मोठं, ओलं, असभ्य म्हणावं असं काहीतरी वाजलं आणि तिचं पाऊल बाहेर आलं, पांढरंफटक, मोजा अर्धा लोंबणारा. ती उताणी पडली ती बर्नडीनच्या अंगावर, आणि ट्वायला त्या दोघींच्या अंगावर. कातळाच्या पायरीवर पोचेपर्यंत कोण कुणाला ओढतंय ते कुणालाच कळत नव्हतं.

त्यांच्यामागे खड्डा हळूहळू भरत आला. एक बुडबुडा वर आला, फुटला, आणि वाळू पुन्हा गुळगुळीत, चकाकती, निरागस दिसायला लागली. बूट तिथंच राहिला.

बर्नडीन मार्लिसचा पाय मांडीवर घेऊन जोरजोरात चोळत होती. मुरगळला नव्हता, मोडला नव्हता. नुसता गारठला होता. थोड्या वेळानं मार्लिसच्या ओठांचा रंग परत आला आणि शब्दही. तिनं आधी वाळूला शिव्या दिल्या, मग घळीला, मग ज्या जोडप्यानं घळीचं नाव सांगितलं त्यांना. ट्वायलानं पिशव्या गोळा केल्या. चला, ती म्हणाली, आता सावकाश मागं जाऊ.

“मागं?” मार्लिस म्हणाली. “कोण मागं जातंय?”

“तुझ्या पायात बूट नाही.”

“तोच तर मुद्दा आहे. चांगला बूट दिलाय मी या घळीला. आता पुढं काय आहे ते बघितल्याशिवाय मी हलत नाही.”

बर्नडीननं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग तिनं औषधांच्या डब्यातून चिकटपट्टीचं रीळ काढलं. फोमची एक पट्टी दुमडून तिनं मार्लिसच्या तळव्याला लावली, वरून ट्वायलाची लोकरीची टोपी चढवली आणि घोट्यापर्यंत चिकटपट्टी गुंडाळत गेली. झालेली वस्तू बूट वाटत नव्हती. मार्लिसनं ती आपटून पाहिली आणि म्हणाली की शाळेत तू पोरांना बांधायचीस त्यापेक्षा बरं बांधलंयस.

पुढे त्या काठीनं जमीन टोचत, भिंत धरून चालल्या. ट्वायला पुढे, पण आता दर दोन पावलांना मागे वळून बघत होती. एक वळण झालं. दुसरं झालं. घळ इतकी अरुंद झाली की उजेड जवळजवळ संपला आणि पुढून सतत एक घोगरा आवाज येत राहिला. बर्नडीन थबकली. पूर, तिला वाटलं. पण आवाज वाढत नव्हता. तो तिथंच होता, एका जागी.

मग भिंती एकदम बाजूला झाल्या.

तिघी एका गोल, प्रचंड उंच खोलीत उभ्या होत्या. धान्याच्या कोठारात वर झाकणाच्या जागी आभाळ असावं, तशी. समोरच्या भिंतीतून, माणसाच्या डोक्याहून थोडं वर, पाणी बाहेर पडत होतं. वरून येत नव्हतं. दगडातूनच, एका आडव्या भेगेतून, हातभर रुंद पडदा होऊन खाली कोसळत होतं. भेगेच्या कडेनं हिरवे नेचे लोंबत होते, त्यांच्यात पिवळी फुलं. खाली स्वच्छ, उथळ तळं आणि त्याच्या काठावर उन्हाचा एक मोठा चौकोन पडलेला. अख्ख्या घळीत एवढंच ऊन होतं आणि ते जणू यांचीच वाट बघत होतं.

ट्वायलानं पिशवी टाकली आणि कपड्यांसकट पाण्याखाली जाऊन उभी राहिली. गारठ्यानं तिचा श्वास अडकला, मग सुटला, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिचा स्वतःचा आहे हे तिला आधी कळलंच नाही. भिंतींनी तो उचलला, फिरवला, चारी बाजूंनी परत दिला. मार्लिस उन्हात बसून पट्टीचा पाय पुढे पसरून तिच्याकडे बघत होती. बर्नडीननं तोंडाशी हात नेला. ट्वायलाला वाटलं ती रडतेय. पण बर्नडीन, जिनं शाळेच्या वरांड्यात पोरांना तीस वर्षं हळू बोला म्हणून दटावलं, तिनं हातांचा कर्णा केला आणि गावचं नाव घेऊन अशी आरोळी ठोकली की नेचे हलल्यासारखे वाटले.

सँडविच पार चेपून गेले होते. त्यांनी ते उन्हात बसून खाल्ले आणि इतकं चविष्ट काही आपण पूर्वी खाल्लंय का यावर वाद घातला. ट्वायलाचं म्हणणं होतं की नाही. एरवी ती अन्नाबद्दल असं कधी बोलत नसे.

परतताना डबक्यापाशी तिघी कातळाच्या पायरीवरून एकामागून एक, भिंतीला पाठ लावून गेल्या. धोंडा उतरायला सोपा होता. चिरेतून मार्लिस या खेपेला अडकली नाही. बर्नडीन म्हणाली की भीतीनं पॅनकेक जिरले. घळीच्या तोंडाशी आल्या तेव्हा कॉटनवुडच्या शेंड्यांवर तेवढं ऊन उरलं होतं आणि कालवडीच्या शेजारी एक छोटी गाडी येऊन लागली होती. आयडाहोचं एक म्हातारं जोडपं, उद्या सकाळी घळीत जाणारं. त्यांनी शेकोटी पेटवली होती आणि तिघींची ती दशा बघून म्हातारा घाईनं खुर्च्या मांडायला लागला.

ट्वायलानं मोठं पातेलं बाहेर आणलं. डब्यातलं चिली, म्हणजे घेवडा-खिम्याचा तिखट रस्सा, त्यात कांदा, वर चीज. बर्नडीननं मार्लिसच्या पायाखाली ऊन पाण्याची बादली ठेवली आणि तिच्या खांद्यांवर घोंगडी टाकली. मग मार्लिसनं सांगायला सुरुवात केली. सांगायला तिला आवडायचंच, आणि आज ऐकायला नवीन माणसं होती. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती मांडीपर्यंत रुतली होती. म्हातारी कॉफी घेऊन आली आणि काय झालं म्हणून तिनं विचारलं, तेव्हा कमरेपर्यंत. म्हाताऱ्यानं लाकूड टाकता टाकता बरगड्यांना लागलं नाही ना असं विचारलं, तर मार्लिस जरा विचार करून म्हणाली की अगदी काठाकाठानं वाचल्या. बर्नडीननं तोंड उघडलं. ट्वायलानं तिला खुर्चीखालून हळूच लाथ मारली.

“आणि मग काढलं कुणी बाहेर?” म्हातारीनं विचारलं.

“हिनं,” मार्लिस ट्वायलाकडे चमचा रोखून म्हणाली. “ढवळून.”

म्हातारीला ते कळलं नाही, पण तिनं मोठ्या आदरानं ट्वायलाकडे पाहिलं. ट्वायलाचे कान तापले. ती उगाचच उठली, पातेल्यात डाव घातला आणि सगळ्यांना पुन्हा वाढलं. मग म्हाताऱ्याला त्या डबक्याबद्दल सगळं सांगितलं: वाळू कुठली, पायरी कुठली, काठी कशी टोचत जायची. तो ध्यान देऊन ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं आपल्याजवळचा नकाशा गुडघ्यावर उघडला आणि पश्चिमेकडची एक रेघ बोटानं दाखवली. दोन वर्षांपूर्वी आम्ही इथं गेलो होतो, तो म्हणाला. टिनकपपेक्षा लांब आहे. आत एका ठिकाणी पोहावं लागतं.

ट्वायला खुर्ची ओढून त्याच्या बाजूला बसली. किती पोहावं लागतं, पाणी किती खोल, आत शिरायची वाट कुठून, ती एकामागून एक विचारत सुटली. बर्नडीननं डोळे मिटून मान मागे टाकली. मार्लिसनं बादलीतला पाय बाहेर काढला, त्याची बोटं हलवून बघितली आणि पुन्हा पाण्यात बुडवला.

“ट्वायला,” ती म्हणाली, “त्या बाजूला जाताना वाटेत बुटांचं दुकान लागतं का, तेवढं विचारून घे.”